वजन उतरवायचंय म्हणून लांब सायकल राइडला उपाशी राहायचं का?

घाटवाट (धागाकर्ता)
आमच्या पुण्याच्या गटात सध्या एक खूळ आहे. लांब राइडला नुसतं पाणी आणि ओआरएस घ्यायचं, म्हणजे म्हणे चरबी जळते. मी याच्या पूर्ण विरोधात आहे.

२०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. मध्यम वेगात तासाला ४००-५०० कॅलरी धरा, दिवसाचा खर्च चार हजारांच्या पुढे जातो. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरी. सपाटीवर संथ चालवताना चरबी बराच वाटा उचलते, मान्य. पण खंबाटकीचा चढ लागला की शरीर साखरच मागतं. ती संपली की बाँक! पायातली ताकद जाते, डोकं बधिर होतं, आणि हे सगळं हायवेवर, ट्रकांच्या शेजारी.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलीच पाहिजेत. एक केळं आणि दोन खजूर, झाला एक तास. पाकिटातली महागडी एनर्जी जेल लागत नाहीत. कॅलरींची तूट काढायची तर इतर दिवशी जेवणात काढा, सॅडलवर नको.

रविवारचा_रायडर
दादा, तीव्र असहमत. ब्रेव्हे करणारे किती आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणारे किती? ३५-४० किमीच्या राइडला लोक खिशात दोन जेल, बाटलीत साखरेचं पाणी घेऊन निघतात. परतताना मिसळ, वर जिलबी. राइडमध्ये ८०० कॅलरी खर्च, टेबलावर हजार जमा. मग सहा महिन्यांनी विचारतात, वजन का हलत नाही? 'खा, खा' हा सल्ला अशा माणसांचं नुकसान करतो. सत्तर किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगावरही दहा किलो चरबी असते, ती कधी वापरायची? आणि पसरणी घाटात पाच किलो कमी असण्याचा फायदा कुठलंच केळं देत नाही.

घाटवाट
तासा-दीड तासाच्या राइडला काही लागत नाही, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा तीन तासांपुढचा आहे. तुम्ही सांगितलेली मिसळ-जिलबी हीच तर उपाशी राइडची वसुली आहे. पाच तास कोरडं पोट ठेवून आलेला माणूस दुपारी किती जेवतो ते बघा. वाटेत खाल्लं असेल तर घरी येऊन वरण-भात-भाजीवर भागतं.

मुक्तछंद
दोघंही फक्त काट्याकडे बघताय. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 'रेड-एस' नावाची अवस्था मांडली. व्यायामाच्या मानाने खाणं सतत कमी पडलं की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. हे फक्त ऑलिंपिकवाल्यांना होत नाही. नोकरी, घर सांभाळून पहाटे चारला उठून १०० किमी करणाऱ्या आणि वर दोनच वेळा जेवणाऱ्या बाईलाही होऊ शकतं. पाळी चुकली की 'ट्रेनिंग चांगलं चाललंय' म्हणणारे कोच मी ऐकलेत. संताप येतो.

रविवारचा_रायडर
ताई, तुमचं म्हणणं गंभीर आहे आणि मला पटतं. पण ते आधीच बारीक असलेल्या, भरपूर चालवणाऱ्यांना जास्त लागू पडतं. नव्वद किलोच्या आयटीवाल्याचा प्रश्न वेगळा आहे.

जोशी_सातारा
उपाशी व्यायामाने चरबी जास्त जाते हेच मुळात सिद्ध नाही. २०१४ च्या एका प्रयोगात २० तरुणींनी चार आठवडे, आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम केला. निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन. आहार दोन्हीकडे मोजून कमी केलेला. चरबी घटण्यात फरक आला नाही. आणि राइडनंतर काटा दीड-दोन किलो खाली दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात घाम असतो, शिवाय प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साठलेलं तीनेक ग्रॅम पाणीही जातं. दोन दिवसांत परत येतं.

रविवारचा_रायडर
वीस जणी आणि चार आठवडे, यावरून मी माझी सवय बदलणार नाही. १०० किमीपर्यंत मला काही लागत नाही.

घाटवाट
१०० किमी म्हणजे पाच तास! इथे आपलं जमणार नाही. एवढं तरी करा, जर्सीच्या खिशात दोन चिक्क्या ठेवा. आणि गटात कोणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल, तर त्यांना तुमचा प्रयोग सांगू नका. त्यांची साखर रस्त्यातच धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

रविवारचा_रायडर
औषधवाल्यांचं मान्य, गटात आजच लिहितो. चिक्कीचं बघू.