बर्फात गाडी चालवण्यासाठी टायर कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यापासून रोज बर्फातून गाडी चालवावी लागणार आहे. गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद मिळणारी. सध्या तिला २२५/४५ आर१७ मापाचे (२२५ मिमी रुंद, १७ इंची रिमचे) उन्हाळी टायर आहेत. सकाळी अंधारातच निघायचं, बर्फ बाजूला सारणारी गाडी बहुधा तोवर फिरलेली नसेल. वाटेत एक चांगलाच चढ आहे आणि उतरताना पायथ्याशी चौक. मागच्या सीटवर लेक असते, त्यामुळे टायरच्या बाबतीत अंदाजपंचे काही करायचं नाही.

वाचून एवढं समजलं आहे की तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. म्हणजे आहेत ते टायर चालणार नाहीत, हे नक्की. पुढे मात्र गोंधळ आहे. 'ऑल सीझन', 'ऑल वेदर' आणि खास हिवाळी यांत नेमका फरक काय? काही टायरांवर 'एम+एस' लिहिलेलं असतं, तेवढं पुरेसं आहे का? ताकद पुढच्या चाकांनाच मिळते, तर पुढचे दोनच बदलले तर? आणि खिळ्यांचे टायर घ्यावेत का?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी दोन टायरांचं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नांत सगळ्यात धोकादायक तेच आहे. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी लावलेत तर गाडी चढ छान चढेल. पण उतारावर ब्रेक दाबलात किंवा वळण घेतलंत की पुढचं टोक रस्ता धरून राहील आणि मागचं घसरून पुढे यायला बघेल. गाडी गर्रकन फिरते ती अशीच. चारही टायर एकाच प्रकारचे हवेत, इथे तडजोड नको. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू. ती ताकद गाडी हलवायला उपयोगी, थांबवताना सगळी मदार टायरवरच.

'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. पण हा शिक्का उत्पादक स्वतःच मारतो, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. तुम्ही टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेलं चिन्ह शोधा. ते बर्फावर पकडीची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळतं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हे चिन्ह असलेलेच टायर धरले जातात, नुसता 'एम+एस' चालत नाही. बऱ्याच 'ऑल सीझन' टायरांवर हे चिन्ह नसतं, 'ऑल वेदर' म्हणून विकल्या जाणाऱ्यांवर असतं. तरी ती चाचणी दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची आहे, काचेसारख्या गोठलेल्या थराची नव्हे. हिवाळ्यात बर्फ अधूनमधूनच पडत असेल आणि रस्ते लगेच साफ होत असतील तर ऑल वेदर ठीक. तुमचा अंधारातला चढ-उतार बघता मी डोळे झाकून खास हिवाळी घ्या म्हणेन.

दुकानात टायर हातात घेऊन बघा. जाड खाचांच्या मधल्या ठोकळ्यांवर सुरीने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. अंगठ्याने ठोकळा ढकलला की त्या किंचित उघडतात. रस्त्यावर त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत बर्फ ठासून बसतो तोही कामाचा, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. म्हणून खाचा खोल हव्यात. कायद्याची मर्यादा काहीही असो, ४ मिमीपर्यंत झिजले की बर्फासाठी बाद समजा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. मापाबद्दल भर घालते. २०५/५५ आर१६ चा विचार करा. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, फरक दोन-अडीच मिमीचा, त्यामुळे वेगाचा काटा बिघडत नाही. अरुंद टायर ताज्या बर्फातून खालपर्यंत शिरतो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. शिवाय टायरची भिंत उंच असल्याने बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते. मात्र १६ची रिम तुमच्या ब्रेकवर बसते का, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) पुस्तिकेतल्यापेक्षा कमी नको.

खिळ्यांचं उत्तर नियमांवर अवलंबून आहे. काही देशांत ते सर्रास वापरतात, जर्मनीत सर्वसाधारण वापराला बंदी आहे. खिळे खरे कामाला येतात ते शून्याच्या आसपास, ओल्या गोठलेल्या थरावर. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तोच घात करतो. कडाक्याच्या थंडीत, उणे २० वगैरे असताना, तोच बर्फ बराच कमी निसरडा असतो. रस्ते बहुतेक मोकळे असतील तर खिळे नकोत. आवाज तर होतोच, वर कोरड्या डांबरावर ब्रेक लागायचं अंतरही वाढू शकतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! चारही हिवाळी, डोंगर-हिमकणाचं चिन्ह बघून, हे पक्कं केलं. १६ची रिम बसते, आत्ताच पुस्तिकेत पाहिलं. आता एकच: एका ओळखीच्यांकडे याच मापाचे जुने हिवाळी टायर आहेत, खाचा भरपूर दिसतात. घ्यावेत का?

प्रतिसाद १

बाजूवर 'डॉट'ने सुरू होणारी अक्षरं असतात, त्यातले शेवटचे चार आकडे पाहा. ३८१६ असेल तर २०१६ सालच्या ३८व्या आठवड्यातला टायर. इतका जुना असेल तर खाचा कितीही खोल असोत, घेऊ नका. वापर नसला तरी रबर वयाने कडक होतं, आणि मऊ रबरासाठीच तर हा खटाटोप. नवेच घ्या. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर बाजूला आहे ना, हे स्वतः बघा. पारा उतरला की हवेचा दाबही उतरतो, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. तेव्हा पहिल्या मोठ्या थंडीत, गाडी रात्रभर उभी असताना, दाब पुन्हा तपासून घ्या.