मदत हवी आहे : मामा-मामीकडे वाढणाऱ्या दोन मुलांसाठी गावच्या मंडळाने जमवलेले पैसे कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्यात राहतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. इकडे आमच्या गावकऱ्यांचं ग्रामस्थ मंडळ आहे. बरेचसे माथाडी, काही रिक्षावाले, काही माझ्यासारखे एमआयडीसीतले. यात्रेची वर्गणी, देवळाचं काम, कुणाची मयत गावी न्यायची असेल तर गाडी, एवढ्यापुरतंच मंडळ. नोंदणी आहे, हिशेब चोख आहे, त्याबद्दल वाद नाही.

आमच्याच वाडीतल्या एका बहिणीचा आजारपणात मृत्यू झाला. पाठोपाठ तिचा नवरा ठाणे-बेलापूर रोडला बाईकच्या अपघातात गेला. तो रबाळ्याच्या एका कंपनीत कामाला होता. मागे मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची. दिवसकार्य झाल्यावर मुलांना कोण नेणार यावर बराच खल झाला आणि शेवटी मामा दोघांना घेऊन आला. मामा कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. त्याची स्वतःची दोन मुलं, घर वन रूम किचन. मामी साडीला फॉल-पिको करायची, त्यावर किराणा निघायचा. आता त्या शिलाई मशीनवर चार दप्तरं रचलेली असतात आणि लग्नसराईतसुद्धा तिने ऑर्डरी परत पाठवल्या. सकाळी पाच डबे भरायचे, धाकटी रात्री दचकून उठते तिला थोपटायचं, मोठ्याची शाळा बदलायची. हे सगळं तिच्यावर.

मंडळाने हाक दिली आणि १ लाख ८० हजार रुपये जमले. खरं सांगतो, यात्रेलाही एवढ्या पटकन जमत नाहीत.

आता पेच असा आहे. जुनी मंडळी म्हणतात, पैसे मुलांच्या नावावर एफडीत टाका, १८ पूर्ण झाली की मिळतील. ‘घरात दिले की घरात मुरतात,’ हे त्यांचं वाक्य. माझं म्हणणं, मुलं आज जेवतायत, आज शाळेत जातायत. धाकटीला दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशातून आज दूध येत नाही. महिन्याला ५ हजार दिले तर तीन वर्षं निघतील आणि मामी निदान दुपारी दोन तास मशीनवर बसेल. घरात मुरले तर मुरू द्या, घर कुणासाठी चाललंय? पण सभेत असं बोललो की मी मामाचा माणूस ठरतो.

बायकोने मामीला आडून विचारलं. ती म्हणाली, ‘द्या, नाही म्हणत नाही. पण दर महिन्याला कुणी घरात डोकावून हिशेब विचारणार असेल तर नको.’

त्यात आणखी एक. काहींना वार्षिक सभेत स्टेजवर मुलांना उभं करून चेक द्यायचाय. फ्लेक्सचं डिझाइनही ग्रुपवर फिरलं, मुलांच्या फोटोसकट. मला ते बघवेना.

जाणकारांनी सांगावं :
मंडळाच्या खात्यातून दरमहा मामीच्या खात्यात रक्कम टाकता येते का? ठराव कसा लिहावा?
मुलीच्या नावे सुकन्या खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) उघडावं असं एक जण सुचवतोय, मामा उघडू शकतो का?
सरकारी काय मिळू शकतं? बाल संगोपन योजनेचं नाव ऐकलंय, अनुभव असेल तर सांगा.

धन्यवाद.

प्रतिसाद – घणसोलीकर

बाल संगोपनचा फॉर्म लगेच भरा. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये, वयाची १८ पूर्ण होईपर्यंत. ठाण्याच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज, मग बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. दोघांचे मृत्यू दाखले, मुलांचे जन्म दाखले, शाळेचं बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड तयार ठेवा. माझ्या बहिणीच्या दिराच्या मुलांना मिळतं. पैसे दरमहा येतील या भ्रमात राहू नका, थकतात आणि एकदम येतात. म्हणून तुमच्या मंडळाचे ५ हजार महत्त्वाचे, तेवढे तरी वेळेवर पडू देत.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे ४००० आहेत, पण शहरात वर्षाला ९६ हजारांच्या आत उत्पन्न लागतं. माथाडीचं त्यात बसणं कठीण, तरी तिथे विचारून घ्या. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि रेशनकार्डावर मुलांची नावं चढवली का? केशरी कार्ड प्राधान्य यादीत असेल तर माणशी ५ किलो धान्य आहे, २०२३ पासून फुकट. आधी बापाच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागेल.

प्रतिसाद – पीएफवाला

वडील कंपनीत होते म्हणालात. पीएफ कापला जायचा का? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पैसे पडून राहतात. पेन्शन योजनेत सभासद असतील तर आई-वडील दोन्ही नसलेल्या मुलांना अनाथ पेन्शन मिळते, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ पर्यंत. रक्कम विधवा पेन्शनच्या ७५ टक्के. फॉर्म १०-डी. शिवाय नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय या पीएफला जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, त्याचा फॉर्म ५-आयएफ. जुनी पगाराची स्लिप शोधा, त्यावर यूएएन, म्हणजे पीएफ सभासदाचा नंबर असतो. स्लिप नसेल तर कंपनीच्या एचआरला भेटा, उडवाउडवी केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अपघाताचा दावा लावलाय का? मोटार अपघात न्यायाधिकरण अज्ञान मुलांचा वाटा सहसा एफडीतच ठेवायला लावतं. म्हणजे तुमच्या जुन्या मंडळींना हवी ती एफडी तिथे आपोआप होईल. वर्गणीचे पैसे पुन्हा कुलपात कशाला?

प्रतिसाद – जुना खजिनदार

आमच्या मंडळाची वीस वर्षं वही सांभाळली आहे, त्यावरून सांगतो.

आधी मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, काढून उद्देश वाचा. ‘सभासदांच्या कुटुंबांना शैक्षणिक व वैद्यकीय साहाय्य’ अशा अर्थाचं कलम असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सीएला विचारल्याशिवाय पैसे हलवू नका. ठरावात चार ओळी पुरेत : कुणाला, दरमहा किती, कधीपर्यंत, आणि रक्कम मंडळाच्या खात्यातून थेट पालकाच्या खात्यात, रोख नाही. पावत्या मागू नका. वर्षातून एकदा मुलांचं शाळेचं प्रगतिपुस्तक बघितलं तरी भागतं, तेही एकाने, चहाला गेल्यासारखं जाऊन. मामीचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

सुकन्या मामाला उघडता येणार नाही. ते खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच उघडतो. आजी-आजोबांनी उघडलेल्या खात्यांबाबतही २०२४ मध्ये पालक बदलायला सांगितलं होतं. मामाला आधी कोर्टाकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागेल. त्यासाठी वकिलाला पैसे मोजू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

फ्लेक्सचं काम आजच थांबवा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. सभेत हे कलम वाचून दाखवा, भावनेचं बोललात तर ऐकणार नाहीत, कायद्याचं म्हटलं की गप्प बसतात.

प्रतिसाद – धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पीएफचं खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मामाकडे पिशवीभर कागद आहेत, त्यात स्लिप सापडली. यूएएन आहे.

घटनेत ‘शैक्षणिक साहाय्य’ हा शब्द आहे. फ्लेक्सवाल्याला फोन करून काम रद्द केलं, त्याचे ॲडव्हान्सचे ५०० गेले, ते माझ्याकडून.

एक राहिलं. मुलांच्या वडिलांची गावी थोडी जमीन आहे आणि चुलते अजून वारस नोंदीचं नाव काढत नाहीत. सातबाऱ्यावर मुलांची नावं लागताना अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून चुलत्याचं नाव लागेल की मामाचं लावता येईल? तलाठ्याकडे जायच्या आधी माहिती हवी आहे. कुणी यातून गेलं असेल तर लिहा.