शाल, स्टोल, पोंचो की केप? मदत हवी आहे

ऑफिसात माझी जागा नेमकी एसीच्या झोताखाली आहे. दुपारपर्यंत मान आणि डावा खांदा आखडून जातात. स्वेटर घातला की तासाभरात उकडतं, म्हणून वरून घेता-काढता येईल असंच काहीतरी हवंय.

सध्या व्हिस्कोजचा स्टोल वापरते. दिसतो झकास, पण टाइप करायला हात पुढे नेला की सुळकन घसरतो. मागच्या आठवड्यात त्याचे गोंडे खुर्चीच्या चाकात गुंडाळले गेले. उठायला गेले तर गळ्याला हिसका! शेवटी दोन गोंडे कापून सुटका करून घेतली. (शेजारचा आधी पोटभर हसला, मग कात्री दिली.)

घरी मोठी शाल आहे, साधारण एक मीटर बाय दोन मीटर. ऊब मस्त, पण ती पांघरली की दोन्ही हात आत. मफलरने गळा झाकतो, खांदे उघडेच. पोंचो घसरणार नाही हे पटतंय, पण तो डोक्यातून घालायचा आणि फ्रोजन शोल्डरमुळे माझा डावा हात वर जात नाही. केपला हात बाहेर काढायला फटी असतात म्हणे. कुणी रोज वापरतं का?

प्रतिसाद १: केप दिसते छान, पण फटीतून हात कोपरापर्यंतच मोकळा होतो. फाइल काढायला हात लांबवला की अख्खी केप वर सरकते. तुम्ही रुआना बघा. कोलंबिया-व्हेनेझुएलाकडचा प्रकार, पोंचोसारखाच पण पुढून उघडा. खांद्यावर टाकायचा, डोक्यातून घालायची भानगड नाही.

प्रतिसाद २: घसरण्यात व्हिस्कोजचाही दोष आहे, धागा फार गुळगुळीत. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, त्यामुळे ती कपड्याला धरून राहते. लोकरीचाच स्टोल घ्या आणि पुढे शालपिन लावा. सैल विणीच्या स्टोलला पिन चालते. पश्मिन्याला मात्र चुकूनही लावू नका. त्याचा तंतू अगदी बारीक, १२ ते १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), भोक पडलं की पडलं. माझ्या शालीला पडलंय.

धागाकर्ती: रुआना हा शब्दच पहिल्यांदा ऐकला! पुढून उघडा म्हणजे माझा हात सुटला. बिनगोंड्यांचा मिळतो का पण?