नेटवरचा टीव्ही: बॉक्स घ्यावा की अॅप पुरे?

रिमोट_हरवला
नमस्कार मंडळी. छपरावरची छत्री काढायची हे घरात ठरलंय, पुढचं ठरत नाहीये. नेट देणारी कंपनी म्हणते आमचा सेट-टॉप बॉक्स घ्या. मुलगी म्हणते टीव्हीत अॅप आहेत, बॉक्स कशाला? परवा मेहुण्याकडे बॉक्सवर मॅच बघत होतो, ती शेजारी बसून मोबाइलवर तीच मॅच बघत होती. आम्ही गोल म्हणून ओरडलो, तर हिच्याकडे चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर! दोन्ही नेटवरूनच येतं ना? मग हा फरक कुठून? आणि घेऊ काय?

आळशी_उंट
अॅप. बॉक्सला आणखी एक रिमोट येतो आणि तुमचं नाव बघता तो टिकणार नाही.

तांब्याची_तार
नेटवर्कच्या कामात आहे, थोडं लांबण लावतो. नाव एक असलं तरी रस्ते दोन आहेत.

बॉक्सवाला तो आयपीटीव्ही. चॅनल कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातूनच घरी येतो, उघड्या इंटरनेटच्या गर्दीत सहसा पडत नाही. येतो तो मल्टिकास्टने. म्हणजे चॅनलचा एकच प्रवाह निघतो आणि वाटेत जिथे फाटा फुटतो तिथला राउटर त्याची प्रत काढतो. शंभर घरं एकच चॅनल बघत असली तरी त्या फाट्यापर्यंत प्रवाह एकच. तुम्ही चॅनल बदललात की बॉक्स आयजीएमपी या प्रोटोकॉलने कळवतो, की मला या गटातून काढा, त्या गटात घाला. गट म्हणजे २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते. केबलसारखे सगळे चॅनल दारात येऊन उभे नसतात, मागाल तेवढाच आत येतो.

अॅपमध्ये प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे सर्व्हरवर ठेवलेले असतात आणि प्लेयर ते वेबपानासारखे एकेक करून मागवतो. अॅपलने २००९ मध्ये आणलेलं एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रमाण ठरलेलं डॅश, या त्याच्या दोन मुख्य पद्धती. प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अशा अनेक दर्जांत तयार असतो. नेट मंदावलं की प्लेयर पुढचा तुकडा हलका मागवतो, म्हणून चित्र धूसर होतं पण थांबत नाही.

आता तुमचा गोल. अॅपलच्या शिफारशीप्रमाणे तुकडा ६ सेकंदांचा. साध्या एचएलएसमध्ये तो पुरा झाल्याशिवाय देता येत नाही, आणि प्लेयर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो. १८ सेकंद इथेच गेले, एन्कोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याचा, वेळ वेगळा. हे अंतर कमी करणाऱ्या नव्या पद्धती आहेत, पण सगळे अॅप त्या वापरतात असं नाही.

मधली_सुटी
आमच्या बॉक्सवर चित्र धूसर कधीच होत नाही. चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि आवाज कुई करतो. हे काय?

तांब्याची_तार
हा बॉक्सच्या रस्त्याचा आजार. नेटवरून माहिती छोट्या पुडक्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. मल्टिकास्ट यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीवर चालतं आणि तिच्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागायची सोय मुळात नाही. काही कंपन्या ती वरून जोडतात. त्यात व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्राची नसते. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. एक पॅकेट गळालं की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत ती जखम पडद्यावर दिसत राहते. चॅनल बदलल्यावर क्षणभर काळं दिसतं, तेही बरेचदा या पूर्ण चित्राच्या वाट बघण्यामुळेच.

बॉक्स वायफायवर आहे का? असेल तर आधी वायर लावा. वायफायवर मल्टिकास्टला पोचपावती नसते, गळालं ते गळालं.

मधली_सुटी
वायफायवरच आहे. 🙈

आळशी_उंट
वायरीवरून आठवलं. मी मध्ये एक साधा नेटवर्क स्विच लावला होता, नेटची एक वायर अनेक यंत्रांना वाटून देणारा डबा. टीव्ही सुरू केला की घरभराचं नेट कण्हायचं. शेवटी कळलं, त्या स्विचला आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुणी चॅनल मागितलाय ते ओळखणं, येत नव्हतं, तो चॅनल प्रत्येक पोर्टवर ओतत होता. म्हणजे प्रिंटरसुद्धा मॅच बघत होता.

रिमोट_हरवला
😂 वेग किती लागतो? आणि शेवटी घेऊ काय?

तांब्याची_तार
अॅपवर एचडीला ५ एमबीपीएस, फोर-केला १५ ते २५ धरा, तेही एका पडद्याला. पण मोठ्या आकड्यावर भाळू नका, रात्री सगळे घरी असताना वेग टिकतो का ते बघा. बॉक्सच्या प्रवाहाला कंपनी सहसा वेगळी राखीव वाट देते, त्यामुळे घरात कुणी मोठं डाउनलोड लावलं तरी त्याला धक्का लागत नाही.

थेट सामने, बातम्या जास्त असतील तर बॉक्स. मालिका, सिनेमे असतील तर अॅप. तिथे २० सेकंद मागे असण्याने काही बिघडत नाही. बॉक्स त्या कंपनीच्या जोडणीला बांधलेला असतो, उद्या कंपनी बदललीत तर बहुधा परत करावा लागेल. टीव्ही जुना असून अॅप रखडत असतील तर टीव्ही बदलू नका, एचडीएमआयला लावायची स्टिक घ्या. आणि 'हजारो चॅनल, सगळं एकाच लिंकवर' असं कुणी विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. तो बहुतेक चोरीचा माल असतो, ऐन सामन्यात बंद पडतो आणि तक्रार कुणाकडे करणार?

रिमोट_हरवला
घरात सामने फक्त मीच बघतो, बाकीच्यांच्या मालिका. म्हणजे बहुमत अॅपचं. तेच घेतो, आणि मॅच असली की मेहुण्याकडे जातो. मुलीला घरी ठेवून.