मदत हवी आहे: काचबिंदू आणि व्हिटॅमिन सी

आईला काचबिंदू आहे, वय 67, रात्री लॅटानोप्रॉस्टचे (डोळ्यातलं प्रेशर कमी करणारे) ड्रॉप्स चालू आहेत तरी प्रेशर उजव्या डोळ्यात 24 आलं, नॉर्मल 21 पर्यंत धरतात ना. आता मामा म्हणतोय की व्हिटॅमिन सी भरपूर घेतलं की प्रेशर उतरतं, 1960च्या दशकात इटलीत डॉक्टरांनी दिलेलं, मी वाचलं तर खरंच दिलेलं पण डोस शरीराच्या वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम!! म्हणजे आईला दिवसाला जवळपास 30 ग्रॅम, आणि त्याने जुलाब होतात. तिला आधी मुतखडा झालाय, सी जास्त झालं की लघवीत ऑक्झलेट (ज्याचे खडे बनतात) वाढतं म्हणून जास्त भीती वाटते. ड्रॉप्स बंद करणार नाहीच. कोणी डॉक्टरांना विचारून घेतलंय का, किती डोस, फरक पडला का? प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे.