यंदा टेकडीवर एकही झाड लावू नका

कुसळ (धागाकर्ता)

जून उजाडला की आमच्या गटाला फोन सुरू होतात. "रविवारी तीनशे रोपं घेऊन येतोय, खड्डे कुठे घ्यायचे ते दाखवा." माझं यंदाचं उत्तर ठरलंय : कुठेच नाही.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकडीवर मी आठ वर्षं दर रविवारी राबतोय. नाव मुद्दाम देत नाही. राबतो म्हणजे झाडं लावतो असं लोकांना वाटतं. खरं तर मी बहुतेक वेळ उपटतो. पावसाळ्यात गाजरगवत, फुलावर यायच्या आत. दिवाळीनंतर घाणेरी. घाणेरी वरून छाटली की पुन्हा दुप्पट जोमानं फुटते. खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथे जमिनीलगत एक गाठ असते, तिच्या चार बोटं खाली कुदळीचा घाव घालायचा, अख्खं ठोंब उचलायचं आणि मुळं आभाळाकडे करून तिथेच ठेवून द्यायचं. दिल्लीचे पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांची ही रीत. माझ्या हातून सकाळभरात पंधरा ठोंब निघाले तर तो दिवस चांगला. उन्हाळ्यात वाटेच्या कडेचं गवत खरवडून जाळपट्टे काढतो, आणि वणवा लागलाच तर ओल्या फांद्या घेऊन झोडपायला पळतो.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचे लोक बस भरून आले. वड, पिंपळ, कडुनिंब. टोप्या, बॅनर, पोहे. खड्डे घेतले ते नेमके सड्यावर, म्हणजे पातळ मातीच्या कातळी सपाटीवर, जिथे पहिल्या पावसानंतर पांढरी मुसळी फुलते. मुरमाबरोबर तिचे कंद बाहेर पडले, कुणाला कळलंही नाही. खड्डे भरायला ट्रकनं काळी माती आणली होती. पुढच्या मे महिन्यापर्यंत जवळजवळ सगळी रोपं वाळली, पण त्या मातीतून गाजरगवत मात्र खड्ड्याखड्ड्यातून उगवलं. ते मी अजून उपटतोय.

ही टेकडी म्हणजे माळ आहे. वीतभर माती, खाली काळा कातळ, सहा-सातशे मिलिमीटर पाऊस. इथलं मूळचं रान म्हणजे गवत, कुसळी, पवना, मारवेल, आणि त्यात विरळ सालई, मोई, धावडा, पळस, गणेर. मार्चमध्ये गणेर सगळी पानं टाकून नुसत्या पिवळ्या फुलांवर उभी राहते, तेव्हा फिरायला येणारे विचारतात, "हे झाड वाळलं का हो?"

राज्यात २०१६ साली दोन कोटी झाडांचं लक्ष्य होतं, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस. रोपं मोजता येतात. राखलेला माळ कसा मोजणार?

तर माझं म्हणणं : माळावर लागवड बंद. अर्ध्या टेकडीवर जी उंदीरमारी (गिरिपुष्प हो, ते परदेशी ग्लिरिसिडिया) माजलीय, ती दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढायची. आणि हे काम हौशी लोकांच्या रविवारावर न सोडता पगारी माणसं नेमायची. बोला.

पेठेतला पाहुणा

म्हणजे बिल्डरनं झाड तोडलं की गुन्हा आणि तुम्ही तोडलं की संवर्धन. वा!

माझी आई ७४ वर्षांची आहे. फेब्रुवारीपासून टेकडीवर साडेआठला चटके बसतात. तिच्यासारखी वीस-पंचवीस माणसं त्याच उंदीरमारीच्या सावलीला टेकतात. त्यांना पवना आणि मारवेल दाखवून काय सांगू?

दुसरं, आणि हे चेष्टेत नाही. झाड तोडायला निदान परवानगी लागते. गवताला कोण विचारतो? आज तुम्ही "हा माळ आहे" म्हणा, उद्या कुणीतरी नकाशावर बोट ठेवून "हे तर पडीक आहे" म्हणेल आणि रस्ता काढेल. पुण्यातल्याच वेताळ टेकडीच्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये लोक उतरले ते गवतासाठी नाही, झाडांसाठी उतरले.

कुसळ

सावलीचं बोलायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये उंदीरमारीला पानंच नसतात. गुलाबी फुलं असतात, ती बघायला बरी. सावली देते ती नंतर. आईंना विचारून बघा.

"पडीक"चा मुद्दा मात्र लागला. सोलापूरकडे नान्नजला नेमकं हेच झालं. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. पुढे ते कापून १,२२२ वर आणलं. गवताळ जागा एकतर नांगरली गेली नाहीतर तिच्यावर झाडं लावली गेली. आता तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. पण मग उपाय काय? पडीक म्हणू नयेत म्हणून माळावर जंगलाचं सोंग चढवायचं?

निवृत्त रेंजर

मी वनखात्यात ३१ वर्षे काढली. त्यांतली सहा याच भागात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्या टेकड्या आज पाहता त्या मी बोडक्या पाहिलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर तर गवताची काडी नव्हती, "मूळचा माळ" वगैरे दूरच. पहिल्या पावसात मुरूम वाहून खालच्या वस्तीत यायचा. आम्ही खैर लावले, शिसव लावले, कडुनिंब लावले. ४५ सेंटिमीटरचा खड्डा घ्यायला पहार लागायची, मजुराच्या हाताला फोड. त्यातली निम्मी रोपे शेळ्यांनी खाल्ली, उरलेली उन्हाने गेली. उंदीरमारीची नुसती फांदी खोचली तरी ती धरायची. जनावर सहसा तोंड लावत नाही. मुळांवरच्या गाठी नत्र धरतात, पाला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी नेतात. आम्ही मूर्ख नव्हतो, आमच्याकडे दुसरे काही टिकत नव्हते.

आणि आपण ज्या वीतभर मातीचा उल्लेख केलात, तिच्यातली दोन बोटे तरी त्या पाचोळ्याने केलेली आहेत. दाईने मूल मोठे केले, आता दाईला हाकला, असा हा प्रकार आहे.

कायद्याचेही सांगतो. महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, झाड देशी आहे की परदेशी हे त्यात पाहिले जात नाही. वनजमीन असेल तर खात्याशिवाय पानही हलवू नये. उत्साहात कोणी कुऱ्हाड घेऊन गेला तर पंचनामा त्याच्यावर होईल.

दौलत

तुमी दोघं बी शहाणे. एक म्हणतोय झाड काढा, एक म्हणतोय झाड ऱ्हाऊ द्या. माळ कुणी राखला ते कुणीच इचारंना.

आमचं घर मेंढक्याचं, पुरंदरच्या बाजूला. आज्जा दसऱ्यानंतर मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा, पावसाच्या आधी माघारी. रान कधी मोकळं सोडायचं, कुठल्या अंगानं चारायचं, ह्ये त्याला कुणी लिवून दिलं नव्हतं. एका जागी दोन रात्रीच्या वर बसायचा नाही. लेंडी पडायची, गवत खुरानं रुजायचं. लांडगा मेंढरू न्यायचा, त्याच्या वाट्याचं म्हणून सोडायचो. आता खातं म्हणतंय चराईबंदी, तुमच्यासारखी रविवारची माणसं म्हणत्यात मेंढरं आली, हाकला. आनि उन्हाळ्यात कमरंएवढं वाळलेलं गवत पेटलं की मंग पळता फांद्या घिऊन. मेंढरं असती तर पेटलं असतं का येवढं?

कातळफुल

दौलत यांच्या बाजूनं एक उदाहरण. साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी आवरायला लोखंडी जाळी लावली, गुरं बंद. काही वर्षांनी आजूबाजूच्या गावांतलेच लोक म्हणायला लागले की गवत माजलंय आणि फुलं कमी झालीत. शेवटी जाळी काढली. बोटभर उंचीच्या फुलाला गुडघाभर गवतात ऊन कुठून मिळणार?

विरुद्ध उदाहरणही देते, नाहीतर दौलत खूश होतील. हिवरे बाजारला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानं स्वतः केली, मग गवत आलं. ते विळ्यानं कापून घरी न्यायचं, गुरं सोडायची नाहीत. नियम गावानं केला आणि गावानंच पाळला, म्हणून चाललं. आज्जांचं रान शहाणं होतं कारण मेंढरं कमी होती आणि रान मोठं होतं. आज रान केवढं उरलंय, तेही मोजा.

शिकागोकर

इथलं सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. मी शिकागोजवळ राहतो. आठवड्यातून एकदा इथल्या सरकारी राखीव रानात स्वयंसेवक म्हणून जातो. या भागातली मूळची भूमी म्हणजे प्रेअरी, म्हणजे माळच, आणि मधूनमधून ओकची विरळ झाडी. त्यावर युरोपातून आलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप माजलंय, आमच्याकडची घाणेरी म्हणा. आम्ही ते कापतो, खुंटाला औषध लावतो, आणि प्रशिक्षित माणसं ठरावीक हंगामात वारा बघून गवत मुद्दाम पेटवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिमगा आठवला.

पण १९९६ मध्ये इथे मोठा गदारोळ झाला होता. रानाशेजारी राहणारे म्हणाले, आमच्या घरामागची झाडं कोण तोडतंय, कुणाला विचारून? कामं थांबवावी लागली. आमचे जुने लोक अजून सांगतात : झाडाबद्दल आपलं बरोबर होतं, शेजाऱ्यांना आधी सांगितलं नाही ते चुकलं. पेठेतल्या पाहुण्यांची आई हा किरकोळ मुद्दा समजू नका.

रोजंदार

सगळे झाडावर भांडताय. पगाराच्या वाक्याला कुणी हातच लावला नाही.

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. एका संस्थेत अकरा महिने देशी रोपवाटिका सांभाळली. महिन्याला "मानधन" मिळायचं, त्यातून खोलीचं भाडं जाऊन डबा कसाबसा. तिथे आम्हाला "निसर्गाचे शिलेदार" म्हणायचे. शिलेदाराला घोडा तरी असायचा. विमा मागितला तर म्हणाले, हे काम पैशासाठी करायचं नसतं. वणव्यात माझ्या बरोबरच्या मुलाचा हात भाजला, दवाखान्याचं बिल त्याच्या बापानं भरलं.

स्वयंसेवकांबद्दल आदर आहे. पण तुम्ही रविवारी फुकट करता म्हणून सोमवार ते शनिवार हेच काम करणाऱ्याला कुणी किंमत देत नाही. दहा वर्षं उंदीरमारी काढायची योजना म्हणे. कोण टिकणार दहा वर्षं?

आणि पैसा रानातून येऊ शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबू विकायचा हक्कही गावानं मिळवला. किती तोडायचा ते ग्रामसभा ठरवते, मजुरी गावात राहते. तिथे जंगल राखणं हे काम आहे, हौस नाही.

पेठेतला पाहुणा

मेंढा लेखाला बांबू आहे. तुमच्या टेकडीवर काय विकणार, कुसळं?

आणि पगार आला की हजेरी येते, हजेरी आली की मुकादम येतो, मुकादम आला की कागदावर वीस माणसं आणि रानात सहा. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

रोजंदार

कागदावरची चौदा माणसं पकडायची सोडून उरलेल्या सहांचा पगार बंद करा, असं म्हणताय तुम्ही.

निवृत्त रेंजर

मुकादमाबद्दल पाहुण्यांचे म्हणणे मी नाकारत नाही, तीस वर्षे सह्या मीच केल्या आहेत. पण रोजंदार यांचे बरोबर आहे. आमचे हंगामी वनमजूर उन्हाळ्याचे चार महिने रात्री-बेरात्री वणव्यावर जायचे आणि पावसाळा लागला की घरी. पुढच्या वर्षी नवे लोक, त्यांना पुन्हा पहिल्यापासून डोंगर दाखवा. जो माणूस तीन वर्षे एकाच टेकडीवर फिरतो त्याला वारा कुठल्या घळीतून चढतो ते कळते. ते कागदावर उतरत नाही.

कुसळ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काल टेकडीवर जाऊन उंदीरमारीखाली नीट बसून आलो. रेंजरसाहेबांचं एक खरं निघालं. जुन्या, दाट झाडांखाली पाचोळा बाजूला केला तर माती मऊ, काळसर, आणि त्यात मोईची आपोआप आलेली चार रोपं. मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. पण पन्नास पावलांवर उघड्या कडेला, जिथे उंदीरमारी अलीकडे पसरलीय, तिथे खाली काहीच नाही. आणि त्याच्याही पलीकडे गवतात रातवा पक्ष्याची मादी बसली होती, पायाखाली येता येता उडाली. दोन अंडी, मातीच्या रंगाची. वर पानांचं छत आलं तर ती तिथे अंडी घालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं बदलतो, थोडं. जुनी दाट झाडी आहे तशी ठेवायची, तिच्यात देशी रोपं आपोआप येतील त्यांना वाट करून द्यायची. फिरायच्या वाटेची सावली तोडायची नाही. पण गवतात शिरणारी कोवळी उंदीरमारी काढायची, रीतसर परवानगी घेऊन. माळावर खड्डे नाहीत, यावर मी ठाम आहे. दौलत, तुमच्या मेंढरांबद्दल आमच्या गटात भांडण होणार हे नक्की. एक कोपरा पावसाळा संपल्यावर थोडे दिवस चारून बघू आणि शेजारचा तसाच ठेवू, असं मी मांडणार आहे. खातं काय म्हणेल ते रेंजरसाहेबच सांगू शकतील.

पगाराबाबत माझ्याकडे उत्तर नाही. कंपनीवाल्यांना एवढंच कळवलंय की तीनशे रोपांच्या पैशात दोन माणसांचा वर्षाचा पगार बसतो का बघा. त्यांनी विचारलं, मग फोटो कशाचा काढायचा?

दौलत

मेंढराचा काढा म्हनावं.

निवृत्त रेंजर

चराईचा प्रयोग वनजमिनीवर तोंडी होणार नाही. अर्ज करा, मसुदा मी पाहून देतो. बाकी कोवळी उंदीरमारी काढण्याचे मला अजून पूर्ण पटलेले नाही. गाजरगवत उपटायला मात्र रविवारी येतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे सगळ्यांना सांगा, एकदा अंगावर खाज उठली की पावसाळाभर जात नाही.

कुसळ

रविवारी सकाळी सहाला, पाण्याच्या टाकीपाशी. कुदळी आमच्याकडे आहेत. रोपं आणू नका.

पेठेतला पाहुणा

सहा फार होतात. सव्वासात करा, आईला घेऊन येतो.