दीड वर्षाच्या मुलीला प्लास्टरचं जाकीट, सोलापूरच्या उन्हाळ्यात कसं झेपणार?

जुळेसोलापूरकर: अंघोळ घालताना सासूबाईंच्या लक्षात आलं, लेकीची पाठ एका बाजूने वर आलीय. एक्स-रेत मणक्याला ३८ अंशांचा बाक. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, एमआरआय ठीक आला तर भूल देऊन मेहता कास्ट, म्हणजे धडाभोवती प्लास्टरचं जाकीट, घालू. पण एप्रिल तोंडावर आलाय. दिवाळीनंतर घातलं तर चालेल का?

बाळीवेस_७२: आमच्या पुतण्याचं आपोआप सरळ झालं. थोडं थांबा की.

ओवीची_आई: दादा, काहींचं होतं आपोआप, पण कुणाचं होईल ते एक्स-रेवर ठरतं. फासळी मणक्याशी जो कोन करते तो दोन्ही बाजूंना मोजतात. फरक २० अंशांच्या वर असला तर बाक बहुधा वाढतो. तो आकडा डॉक्टरांना विचाराच.

ताई, दिवाळीपर्यंत थांबायचं माझं तरी मत नाही. ही पद्धत रुळवणाऱ्या मिन मेहता बाईंनी २००५ साली १३६ मुलांचा अभ्यास छापला. सरासरी एक वर्ष सात महिन्यांच्या वयात सुरुवात झालेल्या ९४ मुलांचा बाक गेला. उरलेली ४२ सरासरी अडीच वर्षांची होती, बाकही मोठे. त्यांचा नुसता कमी झाला. या वयात पोर झपाट्याने वाढतं, आणि प्लास्टर त्या वाढीलाच सरळ वळण लावतं.

उन्हाचं म्हणाल तर ओवीने अख्खा मे प्लास्टरमध्ये काढला. कूलरसमोर गादी, दुपारी बाहेर बंद, ओल्या फडक्याने अंग पुसणं. पावडर आत अजिबात नको, तिचे गोळे होतात. खरा वैताग कडक भाकरीचा! चुरा गळ्यातून आत गेला की रात्रभर रडारड. जेवताना गळ्याभोवती टॉवेल खोचा, आणि थोडं थोडं भरवा, पोट आवळलेलं असतं. सारखी उलटी, घाण वास किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांना फोन.

जुळेसोलापूरकर: प्लास्टर किती दिवसांनी बदलतात? सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी होईल का?

ओवीची_आई: या वयात साधारण दोन महिन्यांनी, पुढे अंतर वाढतं. शेवटी ब्रेस, म्हणजे काढता-घालता येणारा पाठीचा पट्टा. आणि हुतात्मा नको हो! भुलीआधी उपाशी ठेवतात, डब्यात शेजारच्याने वडापाव उघडला की पोरगी गाडी डोक्यावर घेईल. आदल्या संध्याकाळीच पुण्यात पोचा.